कुंकू लागलेल्या फ्लॉप्या

केडगाव,
रविवार, ११ ऑक्टोबर १९९८

प्रिय भीमराज,

सप्रेम जय भीम.

चार वर्षांत पत्र नाही, फेरी नाही आणि आता एकदम हे गाठोडं! घाबरू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. आमची माधुरी यंदा दहावीला, त्यामुळे घरात टीव्ही बंद आणि तोंडं चालू. माझी नागापूरच्या कंपनीत स्टोअरकीपरकी चाललीय. जयमाला वहिनींची कंबर आता कशी आहे?

गाठोडं घेऊन आलेला माणूस म्हणजे चांदभाई, आमच्या कंपनीतला इलेक्ट्रिशियन. त्याची सासुरवाडी तुमच्या जामखेडचीच. त्याला चहा पाजल्याशिवाय सोडू नकोस. का, ते पुढे कळेल.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. तुझ्या चांगुणाआईनं तुला सांगितलेली तिची सगळी कहाणी, जी तू चार वह्यांत उतरवून १९९१ साली माझ्या तेव्हाच्या टायपिंगच्या दुकानात दिली होतीस, ती सापडली! गाठोड्यात एकशे बासष्ट पानं आहेत. मोजून बघ, मी तीनदा मोजलीत.

झालं असं, की कंपनीनं दोन हजार सालाची धास्ती घेतलीय. जुने कॉम्प्युटर त्या साली गोंधळ घालतील म्हणून नवे आणले आणि जुने माझ्या स्टोअरमध्ये येऊन पडले. भंगाराची यादी करताना एकाच्या तोंडाकडे लक्ष गेलं. मोठ्या, वाकणाऱ्या फ्लॉपीची ती रुंद फट! नव्या मशीनला छोटी कडक फ्लॉपीच चालते, आपली मोठी शिरतच नाही. ही फट भंगारात गेली की आई कायमची गेली, असं वाटलं. आईच्या चारही फ्लॉप्या मी कपाटात जपून ठेवल्या होत्या. बाहेर काढल्या आणि चांदभाईच्या घरी गेलो. तो फावल्या वेळात टेपरेकॉर्डर दुरुस्त करतो.

त्यानं फ्लॉपी उजेडात धरली. “गहिनीभाऊ, ह्ये लाल काय सांडलंय?”

म्हटलं, “कुंकू.”

“कुकू? ह्यात?” तो इतका हसला की आतून सरवरी भाभी बघायला आल्या.

हस, तूही हस. मी तुला तेव्हा व्हायरस आला म्हणून सांगितलं होतं. त्या काळी व्हायरस म्हटलं की लोक पुढे काही विचारत नसत. खरं असं, की खंडेनवमीला आपल्याकडे लेथ मशीनपासून पान्यापर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं, मग माझ्या दुकानातल्या नव्या कोऱ्या कॉम्प्युटरनं काय घोडं मारलं होतं? त्याला लावलं, प्रिंटरला लावलं, आणि मग आईच्या फ्लॉप्यांना. फ्लॉपीच्या वेष्टणाला एक लांबट खिडकी असते, तिच्यातून आतली काळी चकती दिसते. मला ती कपाळासारखी वाटली. ओल्या कुंकवाचं बोट नेमकं तिथंच टेकवलं. दसरा झाल्यावर पहिली फ्लॉपी आत घातली तर मशीन करकरायला लागलं. बाकीच्या तीन घालायचा धीर झाला नाही.

चांदभाई म्हणाला, “ही कॅसेटच हाय वो, चपटी. धुऊन बघू.” त्यानं वेष्टण कडेनं ब्लेडनं कापून चकती अलगद बाहेर काढली. परातीत बॅटरीत घालायचं पाणी घेतलं, त्यात शाम्पूचा एक थेंब. जुन्या मलमलीच्या ओढणीचा तुकडा घेऊन मीच पुसायला लागलो, तर भाभींनी तो हातातून काढून घेतला. “हळू वो भाऊ. कुनाच्या तरी आईचं बोलनं हाय ते.” आणि स्वतः पुसत बसल्या. पाणी लाल झालं.

चकत्या सुकवून कोऱ्या फ्लॉप्यांच्या वेष्टणांत घातल्या. साहेबांची परवानगी घेऊन जुनं मशीन चालू केलं. मराठीचा तो जुना प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर नुसत्या चांदण्या-फुल्या दाखवतो, म्हणून जुन्यावरच फाइली उघडल्या आणि तिथूनच छापल्या. दुसरी, तिसरी, चौथी फ्लॉपी अक्षर न गाळता आली. करकरली होती त्या पहिलीतली अकरा पानं मात्र गेली. प्रिंटर किरकिरत होता आणि मी एकेक ओळ वर येईल तशी वाचत होतो. छप्पन सालच्या दीक्षेचं आलं.

“त्या दिशी म्या देव गाठोड्यात बांधलं अन् नदीवर नेलं. देवाच्या कुकवाचा करंडा बी पान्यात रिता केला. पानी घडीभर लाल झालं, मंग निवळलं.”

भीमराज, मी स्टोअरमध्ये खुर्चीवर बसून रडलो. जिनं देवाचं कुंकू नदीत सोडलं, तिच्याच बोलण्याला मी कुंकू फासून सात वर्षं मुकं केलं होतं.

इथवर लिहून चहाला उठलो होतो. चहा नको होता, पुढचं लिहायचं नव्हतं. आता लिहितो.

वह्या तू नेल्या नव्हत्यास.

त्या खंडेनवमीच्या आधी मी दुकान झाडलं आणि रद्दी काढली. कॉम्प्युटरमध्ये चढलंय म्हटल्यावर वह्या कशाला, असं वाटलं आणि रद्दीबरोबर त्याही दिल्या. फ्लॉपी करकरली तसा रद्दीवाल्याकडे धावलो. माल पुण्याला गेला होता. मग तू आलास, म्हणालास, “वह्या दे, पुन्हा टाइप करू.” माझ्या तोंडून निघून गेलं, “त्या तू दसऱ्याआधीच नेल्यास की!” एकदा बोललो आणि तेच धरून बसलो.

तू घरातल्या पेट्या उपसल्यास. वहिनींनी वह्या चुलीला लावल्या असतील म्हणालास. त्या नाही नाही म्हणत राहिल्या. आईला पुन्हा सांग म्हणालास, तर ती म्हणाली, “येकदा सांगितलं लेकरा, आता पुन्यांदा न्हाई सांगवत.” तीन वर्षांनी ती गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्यांसमोर तू माझा हात धरलास आणि म्हणालास, “गहिन्या, वह्या माझ्याच हातनं गेल्या. तुझा काय बी दोष न्हाई.” मागे वहिनी खाली मान घालून उभ्या होत्या. मी हात सोडवून घेतला आणि मिळेल ती एस.टी. पकडली. म्हणून आलो नाही रे.

आज लिहून टाकलं. छातीवरचं जातं कुणी उचलून नेल्यासारखं वाटतंय. तू काय म्हणशील ते म्हण, पण आईचं बोलणं तुझ्या घरी पोचलं, एवढ्यानं मी सुटलो.

गेलेल्या अकरा पानांच्या जागी कोरे कागद लावलेत. तुला आठवेल ते लिही, टाइप मी करीन. तुझे कागद मात्र तुझ्याकडेच ठेव, मी मागितले तरी देऊ नकोस!

बुधवारी चौदा तारीख, दीक्षेचा दिवस. विहारात तुम्ही सगळे जमाल. मी सकाळच्या गाडीनं जामखेडच्या स्टँडवर उतरेन. तू आलास तर बरं वाटेल. नाही आलास तर परतीची गाडी धरीन, माझा राग नसेल.

पानं लगेच वाचू नकोस. आधी वहिनींना समोर बसव आणि हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

वह्या ज्याच्या हातून गेल्या तो,
गहिनीनाथ