टेकाडावरच्या तीन नोंदी

दिल्ली, ९ डिसेंबर

प्रिय मल्हारी,

पाकीट बघून तू आधी ते उलटंपालटं करशील आणि मग वाडीतल्या शिकलेल्या बुद्धभूषणला विचारशील की हे सरकारी तर नाही ना. सरकारी नाही रे, दिल्लीहून आलंय एवढंच. तुझा फोन मे महिन्यापासून बंद आहे. प्रभूची रागिणी लेकरांना घेऊन कळमनुरीला माहेरी असते आणि तिचा फोन लागतो, हे मला ठाऊक आहे. पण तिच्याकडे निरोप द्यायचा तर तिच्याशी बोलावं लागेल, आणि तेवढी माझी छाती नाही. म्हणून शाळेत शिकवलं होतं तसं उजव्या कोपऱ्यात तारीख घालून लिहायला बसलोय. साखऱ्याच्या शाळेत पत्रलेखनात मला कायम तुझ्यापेक्षा दोन गुण जास्त पडायचे, कारण मी खोटं छान लिहायचो. आज तसं लिहायचं नाही असं ठरवलंय, त्यामुळे ही तिसरी सुरुवात आहे. आधीच्या दोन फाडून टाकल्या.

प्रभूला जाऊन सात महिने झाले. तुझा धाकटा भाऊ, पण लहानपणी माझ्याच पाठीवर जास्त बसला असेल, कारण तू त्याला अर्ध्या रस्त्यात उतरवून द्यायचास. वाडीतल्या उकंडरावांनी मला त्याच दिवशी कळवलं होतं. मी रजा टाकली, तिकीट काढलं आणि स्टेशनवर न जाता घरीच बसून राहिलो. त्यांच्याकडून तुला काय निरोप पाठवला ते आठवतं ना? कमिटीची बैठक आहे म्हणून. बैठक होती, पण ती पुढच्या आठवड्यात. दहाव्यालाही आलो नाही. वाडीत सगळे म्हणाले असतील, वैजू आता लई मोठा साहेब झाला, त्याला कुठून सवड. तसं म्हणत असतील तर बरंच आहे, खरं कारण त्याहून वाईट आहे.

आधी तुझ्या अर्जाचं बोलतो. तीन वर्षांपूर्वी तू आणि बुद्धभूषणनं मिळून जो अर्ज खात्याला पाठवला होता, त्याची प्रत माझ्याकडे आहे. टाइप त्यानं केलाय, पण वाक्यं तुझी आहेत, मी कुठूनही ओळखली असती. मोबाइलच्या लहरी सरकार लिलावात विकतं, अख्ख्या राज्यासाठी एकदम. ज्या कंपनीनं त्या घेतल्या तिनं आपल्या भागात टॉवर उभा केला नाही, कारण चार वाड्या आणि हजारभर मेंढ्यांसाठी टॉवर परवडत नाही. तिनं वापरायच्या नाहीत आणि दुसऱ्या कुणाला वापरू द्यायच्या नाहीत, असा आपला कायदा. तू लिहिलं होतंस, "साहेब, सोयाबीन निघून रान मोकळं झालं की शेतकरी आमाला बोलावतो, मेंढ्या बसवा म्हणतो. रान त्याचंच राहतं. आमी चारतो, लेंड्या टाकतो, त्याला खत भेटतं. पेरा आला की आमी उठतो, कोणाला सांगावं लागत न्हाई. कंपनीच्या लहरी आमच्या वाडीवर रिकाम्या पडल्यात. त्यांची गरज लागंल तवर आमाला बसू द्या." शाळेच्या गच्चीवर एक छोटं यंत्र आणि वाडीपुरती रेंज, एवढंच तुझं मागणं होतं. यंत्राची सोय बुद्धभूषणच्या कॉलेजनं केलीही होती.

मल्हारी, गेल्या वर्षी खात्यानं लहरींच्या वाटपाचे नियम बदलायला कमिटी नेमली. मी तिचा सचिव. कागद जमवायचे, चहा सांगायचा आणि मोठ्यांनी विचारलं तरच बोलायचं, असं ते पद आहे. तिथं परदेशातून शिकून आलेली माणसं दोन-दोन तास बोलायची. कंपन्यांची माणसं म्हणायची, पैसे मोजून घेतलेली वस्तू आम्ही दुसऱ्याला का द्यावी? दुसरी बाजू म्हणायची, मग वापरा तरी. चार महिने गाडं तिथंच अडकलं होतं. एका दुपारी अध्यक्षांनी सहज माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांना मेंढ्या बसवायची रीत सांगितली. रान कुणाचं, खत कुणाला, पेरा आला की कोण उठतं, सगळं. कंपनीच्या माणसाचे वडील शेतकरी निघाले, तोच आधी हसला आणि म्हणाला, हे जमेल. त्याच दिवशी कलम लिहिलं गेलं. ज्या भागात लहरी पडून आहेत तिथं त्या स्थानिक लोकांना वापरू द्यायच्या, कंपनी आली की त्यांनी बाजूला व्हायचं. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. ही कल्पना कुठून सुचली असं विचारलं, तर मी म्हणालो, सर, मी खेड्यातला आहे. तुझं नाव तोंडात आलं होतं, पण तुझं नाव घेतलं असतं तर तुझा अर्ज निघाला असता, आणि अर्ज निघाला असता तर बाकीचंही निघालं असतं. म्हणून मी ते गिळलं आणि शाबासकी खिशात घातली.

मसुद्याला एक यादी जोडली आहे. कुठल्या गावांना हा नियम लागू होईल त्याची. सेनगाव तालुक्यातली कितीतरी नावं तिच्यात आहेत. आपली वाडी नाही. कारण जुन्या नोंदीप्रमाणे वाडीत रेंज आहे, उत्तम आहे, तिन्ही ठिकाणी. ही यादी एकदा पक्की झाली की दहा वर्षं हलणार नाही.

ती नोंद माझी आहे. ही गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. नऊ वर्षांपूर्वी मी जीप घेऊन वाडीत आलो होतो तो दिवस आठव. गावोगाव रेंज मोजायचं काम होतं आणि मी मुद्दाम हिंगोली मागून घेतलं होतं. शिक्का असलेली जीप दारात उभी राहिलेली सगळ्यांनी बघावी, ही हौस. तुझ्या आईनं, नर्मदाकाकूंनी, दगडी पाट्यावर ठेचा वाटला होता आणि मला पाटावर बसवलं होतं, तुला मात्र जमिनीवर. कायदा असा होता की वस्तीच्या आत तीन जागी मीटर लावायचं: शाळा, मारुतीचा पार आणि पाण्याची टाकी. मी पारावर लावलं तर काटा मेलेला. तेवढ्यात उकंडराव आले आणि म्हणाले, "इथं काय लावून राहिला साहेब? रेंज ऑफिसवर येती, चला तिकडं." वाडीच्या मागच्या टेकाडाला गावानं ऑफिस नाव दिलं होतं, कारण ज्याला त्याला दिवसातून एकदा तिथं जाऊन उभं राहावं लागायचं. पाहुण्याला गावातली सगळ्यात चांगली वस्तू दाखवावी तसे सगळे मला वर घेऊन गेले. तू मेंढ्यांकडे गेला होतास, म्हणून पुढचं तुला माहीत नाही.

काकू अर्ध्या चढणीवर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "प्रभूची सोयरीक मोडून राहिली बाबा. कळमनुरीवाले म्हणतात, रेंज नसलेल्या गावात पोरगी देणार न्हाई, तिच्याशी बोलायचं कसं? तू सरकारी माणूस. तुझ्या कागदावर चांगलं लिही, आमी त्यायला दाखवतो." आमचा ड्रायव्हर रामसिंग मागे उभा होता. तो हळूच म्हणाला, "साब, फारम में तो बस्ती लिखा है." मी त्याला गप्प बसवलं. टेकाडावर वीस-वीस पावलांवर तीनदा मीटर लावलं आणि कागदावर लिहिलं: शाळा, पार, टाकी. तिन्हीसमोर उत्तम. शिक्का मारून एक प्रत काकूंच्या हातात दिली. ती प्रत सोयऱ्यांना दाखवली गेली, रागिणी वाडीत सून म्हणून आली, आणि लग्नात काकूंनी मला मुलाकडच्या मोठ्या माणसाचा मान देऊन फेटा बांधला. किती खूश होतो मी! एका सहीनं पोराचं लग्न जमवलं, असं दिल्लीत मित्रांना रंगवून सांगायचो. खोटी नोंद करताना मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही, कारण मी कुणाकडून काही घेतलं नव्हतं आणि सगळे आपलेच होते.

आता जे लिहायचंय त्याच्यासाठीच आधीच्या दोन सुरुवाती फाडल्या. तुझा अर्ज फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला होता. तुला जे उत्तर आलं, "सदर वाडी व्याप्त असल्याने अर्ज अपात्र", म्हणजे वाडीत आधीच रेंज आहे म्हणून, त्याखालची आखूड सही माझी आहे. तू ती ओळखली नसशील, खात्यात मी इंग्रजीत करतो. मी तो कागद दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला होता. जुनी नोंद चुकीची आहे असं एका ओळीत लिहिलं असतं तर काम झालं असतं. पण मग ती कुणी केली हे विचारलं गेलं असतं, आणि तीन महिन्यांवर माझी बढती होती. बढती मिळाली, मल्हारी. त्याच दिवाळीला मी तुझ्याकडे येऊन, तुझ्या घरी जेवून, सरकारच्या नावानं तुझ्याइतकेच खडे फोडले होते. तूच माझी समजूत घातलीस की जाऊ दे, तू एकटा काय करणार.

आणि मग हा मे. उकंडरावांनी सांगितलं ते एवढंच. तू मेंढ्या घेऊन वारंगा फाट्याच्या पलीकडे होतास, इकडे आभाळ काळं झालं, गारांचा रंग दिसायला लागला. प्रभू गोठ्यात होता, आडोशाला होता. तुला सांगायला तो टेकाडावर गेला. "दादा, मेंढ्या पुलाखाली घाल" एवढं तुला ऐकू आलं आणि फोन तुटला. मेंढ्या वाचल्या. तेव्हापासून तू म्हणतोस की फोननं वीज ओढली, मी फोन उचलला नसता तर तो खाली आला असता. फोन विहिरीत टाकलास असंही कळलं. मी या विषयात उभं आयुष्य घालवलंय, माझं एवढं एक ऐक. फोन वीज ओढत नाही. वीज उंचावर पडते, मोकळ्या माळावर एकट्या उभ्या माणसावर पडते. तू फोन उचललास की नाही, यानं काडीचाही फरक पडत नव्हता. विचारायचंच असेल तर हे विचार की गोठ्यात बसून त्याला तुझ्याशी बोलता का आलं नाही.

या पत्रासोबत एक छापील नमुना आहे. यादीवर हरकत घ्यायचा. ती गावातल्या रहिवाशालाच घेता येते, खात्यातल्या माणसाला नाही, आणि मुदत एकतीस डिसेंबरची आहे. मी तो सगळा भरून ठेवलाय. चुकीची नोंद करणाऱ्याचं नाव या रकान्यात माझं पूर्ण नाव घातलंय, तेव्हाचा हुद्दा आणि आत्ताचाही. मागे माझा जबाब जोडलाय, तुझ्या अर्जावरच्या सहीसकट. चौकशी लागेल, कदाचित नोकरी जाईल. माझी कीव करून हात आखडू नकोस, तू तसं करशील म्हणून भीती वाटते. सही कर आणि बुद्धभूषणला सेनगावच्या पोस्टातून रजिस्टरनं टाकायला सांग. नोंद खोटी ठरली की वाडी यादीत येईल आणि तुझं यंत्र शाळेच्या गच्चीवर बसेल. ते आता कुणासाठी, असं तू म्हणशील. रागिणीची लेकरं आहेत, वाडीतली बाकीची आहेत, आणि अजूनही रोज कुणी ना कुणी टेकाड चढतंय. जबाबात मी नोंदींचं सगळं लिहिलं, पण प्रभूचं लिहायला गेलो तर नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता. म्हणून ते इथं लिहितो. त्याला तुझ्या फोननं नेलं नाही, मल्हारी. त्या टेकाडावर त्याला मी चढवलं.

तुझाच म्हणायचा हक्क तू ठेवलास तर,
तुझाच
वैजनाथ