हलका की हलकं

प्रिय धाकट्या,

'प्रिय' लिहावं की नाही, यावर मी बराच वेळ पेन धरून बसलो होतो. शेवटी लिहिलं. राग आला म्हणून माणसानं खोटं लिहू नये, आणि तू मला प्रिय नाहीस असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. पण गोड म्हणून जे काही आहे ते एवढंच. इथून पुढे सगळं कडू आहे, तेव्हा आधी नीट बसून घे आणि मग वाच.

चार दिवसांपूर्वी पेपरात तुझी मुलाखत आली. फोटोत तू आपल्या वर्कशॉपमध्ये हाताची घडी घालून उभा आहेस, मागच्या भिंतीवर तुझं ते वाक्य मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे : 'पावसात गाडी उरत नाही, हात उरतो.' वार्ताहरानं विचारलं की भिंगरीची गाडी शर्यतीत घसरून भिंतीवर आदळली, त्यात दोष गाडीचा की चालवणारीचा. आणि तू, टीमचा प्रमुख, तिचा सख्खा काका, म्हणालास की गाडी उत्तम होती, आणि नाचता येईना अंगण वाकडं म्हणायची आमच्या घराण्यात रीत नाही. वा रे वा! माझी पोरगी दवाखान्यातून घरी येऊन आठवडा झाला नाही, उजवं मनगट प्लास्टरमध्ये, मांडीत सळई, आणि काका पेपरात म्हणी वापरतोय. तुझ्या वहिनीनं ती मुलाखत शेवटपर्यंत वाचली, पेपराची बारीक घडी केली आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीची काच खडखडते तिथल्या फटीत कोंबली. म्हणाली, एवढ्या कामाचा आहे.

ती म्हण मलाही येते. पण अंगण कधी कधी खरंच वाकडं असतं, धाकट्या. आणि नाचणारीनं नाचता नाचता ओरडून सांगितलं की अंगण वाकडं झालंय, तर ऐकणाऱ्यानं काय करावं, याबद्दल त्या म्हणीत एक अक्षर नाही.

तुझ्या वाक्यावर माझा कधीच राग नव्हता, हे आधी सांगतो. त्यात अर्धं खरं आहे. कोरड्या रस्त्यावर मोठं इंजिन वाईट हात झाकून टाकतं. पाऊस आला की सगळ्या इंजिनांची मस्ती उतरते. जास्त ताकद दिली की चाक जागच्या जागी फिरतं, आणि मग कोण किती हळुवार आहे ते उघडं पडतं. मला तर नेहमी वाटत आलं की पावसात देव सगळ्या गाड्यांना एका रांगेत बसवतो. पण उरलेलं अर्धं तू भिंतीवर कधी लिहिलं नाहीस. सगळे वर्ग एकाच खोलीत भरणाऱ्या आपल्या शाळेतली पाटी आठवते ना? ओल्या पाटीवर पेन्सिल किती दाबली तरी अक्षर उमटत नाही, पेन्सिल नुसती सटकते. वर्गात सगळ्यात सुंदर अक्षर तुझं होतं. पण पाटी ओली असली की तुझं आणि माझं अक्षर सारखंच. गुरुजी म्हणायचे, आधी पाटी पूस, मग अक्षराचा तोरा दाखव. टायरच्या खाचा ती पाटी पुसतात. खाचा पुरल्या नाहीत की चाक पाण्यावर तरंगतं, रस्त्याला टेकतच नाही. मग हात देवाचा असला तरी काय करणार?

हे तुला शिकवण्याचा मला काही हक्क नाही, कारण हे तूच मला सांगितलंस. तू स्वतः गाडी चालवायचास तेव्हाच्या त्या शर्यतीत. आपली गाडी सगळ्यांत जुनी, इंजिन सगळ्यांत अशक्त, बाकीचे आपल्याकडे बघून हसत होते. पाऊस वाढत गेला आणि उसन्या रेडिओवरून तुझा आवाज आला, "दादा, हलकं झालंय." एवढंच. मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. टायर रस्ता धरून असला की स्टिअरिंग हाताला जड लागतं. तो पाण्यावर चढला की ते एकदम हलकं होतं, जसं काही धरलेलंच नाही. मी म्हणालो, आत ये. तू कुरकुरलास, तिघंजण पुढे जातील म्हणालास, पण आलास. मी खोल खाचांचे टायर चढवले आणि तू पुन्हा बाहेर गेलास. बाकीचे मोठ्या इंजिनवाले उथळ खाचांवर हट्टानं फिरत राहिले आणि एकेक करून चिखलात जाऊन बसले. संध्याकाळी तू पावसाचा राजा झालास. लोकांनी विचारलं, गाडी की हात, आणि तू म्हणालास हात. त्याचं मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. श्रेयासाठी हे पत्र नाही. माझा धाकटा भाऊ जिंकला होता, मी त्या दिवशी उपाशीपोटी नाचलो होतो. तेव्हापासून आपल्या वर्कशॉपमध्ये त्या शब्दाला एकच अर्थ आहे. भिंगरी तर चालायला लागायच्या आधी तो शब्द शिकली. दुधाची बाटली संपली की उंच धरून म्हणायची, हलकं झालं. तू तिला खांद्यावर घेऊन सगळ्यांना ते म्हणून दाखवायला लावायचास.

आणि आता त्या दिवसाबद्दल. टीम आता तुझी आहे, टायर देणाऱ्या कंपनीचे साहेब वर काचेमागे बसलेत, भिंगरी तिसरी चाललीय. आपल्या बाजूला पाऊस कमी होत होता, हे खरं. पण ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाला, झाडांजवळच्या लांब वळणावर, ढग नुसता ओतत होता. रेडिओत खरखर होती. माझ्या हेडफोनला माइक नाही, मला नुसतं ऐकायला येतं; बोलायचा अधिकार एकट्या तुला. मी तिचा आवाज ऐकला. "काका, हलकं झालंय." मी खोल खाचांचा टायर आधीच खांद्याला लावून उभा होतो. तुझ्याजवळ धावत आलो आणि म्हणालो, हलकं म्हणतेय रे, आत घे तिला. तू माझ्याकडे न बघता तळहात वर केलास आणि म्हणालास, "राहू दे दादा. हात आहे तिच्याकडे."

त्यानंतरचं वळण तिला पूर्ण करता आलं नाही.

अपघाताची चौकशी करणाऱ्या समितीनं तुला विचारलं, ती काय म्हणाली. त्यांच्याकडच्या ध्वनिमुद्रणात नुसतं 'हलक' एवढं ऐकू येतं आणि पुढे खरखर. तू त्यांना काय सांगितलंस ते मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकलं, दार नीट लागत नव्हतं. तू म्हणालास, पाऊस हलका झालाय असं ती म्हणाली, म्हणून मी तिला बाहेर ठेवली. निर्णय तिच्या सांगण्यावर होता, पुढे हात कमी पडला. नंतर मी आत जाऊन माझ्या कानांनी ऐकलेलं सांगितलं. त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुम्ही वडील आहात, आम्ही समजू शकतो. बापाची साक्ष म्हणजे फाटकी छत्री. असते, पण उघडून उपयोग नाही.

पाऊस हलका झालाय! धाकट्या, जगातल्या कुठल्याही माणसाला ही थाप चालली असती, पण मी तुझ्याच बाकावर बसून शिकलोय. विसरलास? तू वर्गात 'पाणी आला' म्हणालास आणि गुरुजींनी तुला नळाखाली घागर घेऊन उभं केलं, पाणी येईपर्यंत 'पाणी आलं, पाणी आलं' म्हणत राहा म्हणून. पाणी दुपारी आलं. तू भिजलेल्या चड्डीनं वर्गात आलास आणि हात वर करून विचारलंस, गुरुजी, पाऊस तो, सर ती आणि पाणी ते, मग आपण भिजतो ते कशानं? गुरुजींना हसताना आम्ही पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, हा पोरगा वाया जायचा नाही. तेव्हापासून शब्दाचं लिंग तू कधी चुकला नाहीस. आणि भिंगरीची मराठी तिच्या आजीच्या हाताखाली घडलेली. पाऊस हलका होतो, धाकट्या. स्टिअरिंग हलकं होतं. तिच्या तोंडून पाऊस नपुंसकलिंगी निघणार नाही, आणि तुझ्या कानाला तो तसा ऐकू येणार नाही.

पहिले काही दिवस मी स्वतःला समजावत होतो. म्हटलं, खरखर होती, आपल्याकडचा पाऊस ओसरत होता, ऐकण्यात चूक झाली असेल, माणूस आहे. पण मग तो तळहात आठवतो. "हात आहे तिच्याकडे." जो माणूस पाऊस ओसरलाय असं समजतो, त्याला तिच्या हाताची आठवण कशाला होईल? पाऊस ओसरला असेल तर हात लागतच नाही. तुला सगळं कळलं होतं. तुला फक्त काचेमागच्या साहेबांना तुझं वाक्य खरं करून दाखवायचं होतं. स्वतःच्या अंगावर नाही, आपल्या पोरीच्या अंगावर. तुझ्या वेळी तू म्हणालास हलकं, आणि तुला आत घेणारा माणूस होता. तिच्या वेळी तो माणूस तू होतास. तेव्हा हात वर केलास, आणि समितीपुढे झटकलेस.

मी रोज सकाळी दिवा लावून हात जोडतो हे तुला माहीत आहे. तू त्यावरून चेष्टा करतोस, दादाची हजेरी चालू आहे म्हणतोस. खरंच हजेरीच आहे ती. घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन यांना सुखरूप ठेव म्हणतो, आईनं लावलेली सवय. हल्ली तुझ्या नावाशी जीभ अडते. वगळवत नाही, कारण आईनं हा क्रम लावून दिलाय. आणि घेतलं तर देव विचारेल, मनापासून म्हणतोयस का? मग नुसता उभा राहतो. वात काजळी धरते, तुझी वहिनी आतून विचारते, झालं का, आणि मी हो म्हणतो. रोज सकाळी देवासमोर एक खोटं बोलतोय, तेही तुझ्यापायी. हा माझा तुझ्यावरचा सगळ्यात मोठा राग आहे.

तरीही समितीसाठी मी पत्र लिहिलं नसतं. माणसं पोट आणि खुर्ची वाचवायला खोटं बोलतात, त्याचा हिशेब वरचा बघेल. तू फुलं घेऊन दवाखान्यात आलास आणि पुढच्या वेळी हात घट्ट ठेव म्हणालास, तेही मी दात आवळून गिळलं. पण काय आहे, भिंगरीला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. सकाळी बुटांची नाडी बांधली, तिथपर्यंत आठवतं, पुढे कोरं. मग तिनं तुझी मुलाखत वाचली, आणि त्या कोऱ्या जागेत तुझे शब्द लिहून टाकले. परवा पाण्याचा पेला डाव्या हातानं उचलताना थोडं सांडलं, तर हसून म्हणाली, बाबा, बघा, काका बरोबर बोलला, हातच नाही माझ्यात. मी म्हणालो, अगं, पेला काठोकाठ भरला होता. ती म्हणाली, तुम्ही माझे बाबा आहात, तुम्ही असंच म्हणणार. काल तिनं मला जवळ बसवून तिचे शर्यतीचे हातमोजे माझ्या मांडीवर ठेवले. वर्कशॉपमध्ये कुणाला बसतील त्याला देऊन टाका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. रडली असती तरी मला बरं वाटलं असतं.

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर एक तर तिला ती बापाची माया वाटेल, आणि खरं वाटलंच तर तिचा काका जाईल. लहानपणापासून तिनं गाडी धरली ती तुझ्यासारखं व्हायचं म्हणून, माझ्यासारखं नाही. म्हणून हे पत्र. तिचं प्लास्टर निघायच्या आत घरी ये. वहिनी दार उघडेल, चहा देईल की नाही ते सांगता येत नाही. हातमोजे दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवलेत, ते काढून आत घेऊन जा, तिच्या शेजारी बस, आणि ती त्या वळणावर काय म्हणाली ते तिला सांग. समितीला सांगशील की नाही ते तुझं तू आणि देव बघून घ्या. तिला मात्र तूच सांग, कारण तिचा हात तुझ्या तोंडानं गेलाय आणि तो तिथूनच परत यायला हवा. जास्त बोलू नकोस, कारणं देऊ नकोस. तिचे दोन शब्द जसेच्या तसे म्हण. आणि गुरुजींची शपथ आहे तुला, म्हणताना अनुस्वार गाळू नकोस.

अजून तरी तुझाच,
दादा