रविवारचं पाकीट

लंडन, २४ जून २०१६

प्रिय आई,

उद्या विमानाने घरी येणाऱ्या ब्रेओगानदादाकडे हे पत्र देतेय. मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा?

इंग्रजांनी युरोप सोडायचा कौल दिला. वॉर्डातल्या एका आजोबांनी सकाळीच विचारलं, "मग सिस्टर, तुम्ही कधी निघताय?" म्हटलं, "तुम्हाला सुई टोचून!" जरा जोरातच टोचली.

बाबा फोनवर म्हणाले, "बघ, बदल मागितला की असं होतं! रविवारच्या आपल्या निवडणुकीत मत जुन्या पक्षालाच." घाबरले इंग्रजांमुळे, आणि मत द्यायचं स्पेनमध्ये! पक्षाने घरी पाठवलेली मतपत्रिका घालून, लग्नापासून भरतात तसं तुझंही मताचं पाकीट त्यांनी भरून ठेवलं असेलच.

घरून तेच घेऊन नीघ. केंद्रातल्या पडद्याआड मात्र ते फाड. नवी पाकिटं, मतपत्रिका तिथेच असतात.

मी इथून हलणार नाही. तूही एकदा तरी आपलं पाकीट आपल्या जिभेने चिकटव.

तुझी हट्टी,
नेरेआ