पडद्यावरचा पहिला मान

मुंबई,
१६ जानेवारी १९८९

तीर्थरूप आप्पांच्या पायांशी विमलाचा नमस्कार, आणि आईच्या कुशीत चिमाचा धुडगूस, दोन्ही पोचावेत.

विशेष असं की आपल्या वाडीतला धाकू येत्या रविवारच्या एस.टी.ने गावी निघतोय, त्याच्याबरोबर कॉम्प्युटर पाठवते आहे. ऑफिसात नवीन आला, म्हणून हा जुना साहेबांनी मला देऊन टाकला. खोक्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलंय की आत काच आहे. धाकू त्यावर बसूनच येणार हे मला ठाऊक आहे, पण त्याला ओरडू नका.

डिसेंबरात देवळातल्या बैठकीत ठरलं तसंच मी केलंय. तीन शिमगे झाले, पालखी कुलपात आहे. वरच्या वाडीचे महिपतकाका म्हणतात पालखी पहिली माझ्या खळ्यात, खालच्या वाडीचे रामजीकाका म्हणतात माझ्या. शेवटी सगळ्यांनी मानलं की माणसाला भावकी असते, यंत्राला नसते, तेव्हा यंत्र ज्या क्रमाने घरं दाखवील त्या क्रमाने पालखी फिरेल. म्हणून गावातल्या प्रत्येक घराचं एकेक छोटं चित्र पडद्यावर मांडलंय, खाली इंग्रजीत नाव. डोळे मिटून जसं सुचलं तसं मांडलं, कोणाला दाखवलं नाही. आपलं घर मात्र मुद्दाम शेवटी ठेवलंय, नाहीतर लोक म्हणतील पोरीने बापाचं घोडं पुढे दामटलं.

सोबत दोन फ्लॉप्या आहेत. एक फटीत सारली की चित्रं दिसतात. दुसरी तिची नक्कल, पहिली बिघडली तर असावी म्हणून निघता निघता घाईत केली. ती कपाटात ठेवून द्या. वायरीला बांधलेलं जे आहे त्याला उंदीर म्हणतात. तो टेबलावर फिरवला की पडद्यावरचा बाण फिरतो.

आप्पा, जीव अडकलाय तो आईच्या नवसात. चिमाच्या वेळी माझ्या जिवावर बेतलं, तेव्हा तिने वाघजाईला शब्द दिला की दोघी सुखरूप राहिल्या तर दारात पालखीची ओटी भरीन, आणि तोवर मासळीला शिवणार नाही. आम्ही सुखरूप राहिलो आणि नेमकी त्याच शिमग्यात पालखी अडली. मागच्या वेळी तिचा हात धरला तर बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. यंदा पालखी दारात आली नाही तर मला मुंबईत घास गोड लागणार नाही.

तुमच्यावर रुसण्याचा हक्क राखून असलेली,
तुमची विमला


कोंडवाडी, पो. सावर्डे,
३ फेब्रुवारी १९८९

चि. सौ. विमलास आप्पांचे उदंड आशीर्वाद. चिमाचे दोन्ही गाल माझ्या वतीने ओढावेत.

यंत्र पोचलं. धाकू त्यावर बसूनच आला, वर मलाच म्हणाला की खोकं मजबूत आहे. पडवीत चौरंगावर मांडलं. तुझ्या आईने हळदकुंकू वाहिलं, उंदरालाही लावलं. म्हणाली, गणपतीचं वाहन, त्याला कोरडं कसं ठेवायचं? तू फ्लॉपी म्हणतेस ती दिसायला थेट काळी बर्फीची वडी. सारली आत, आणि काय सांगू बाय, पडद्यावर आख्खा गाव उभा राहिला! माझं घर शेवटी बघून जरा वाईट वाटलं, पण तुझं बरोबर आहे.

आता ऐक पुढची रड. रविवारी सगळा गाव पडवीत जमला. पहिलं चित्र रामजीचं. खालच्या वाडीने तिथल्या तिथे ढोल बडवला. महिपत घरी गेला आणि त्याने पाण्याचा तांब्या उखळीवर आपटला. सोमवारी चष्मा लावून आला, म्हणाला की मला माझ्या डोळ्यांनी बघू दे. मी यंत्र चालू केलं, तर पहिलं चित्र महिपतचं! रामजी खाली कुठेतरी, न्हाव्याच्या घरापाशी. मंगळवारी रामजीने येऊन बघितलं, तर तो परत वर. आता दोघांचंही म्हणणं आहे की दुसऱ्याने उंदराला फितवलं.

यंत्राच्या निगेत माझ्याकडून हयगय होते असं मनातही आणू नकोस. विहिरीच्या राहाटाला एकच बैल रोज जुंपला तर पंधरवड्यात गळतो, हे मी जन्मभर पाहिलंय. कोणाला कधी विसावा द्यायचा ते मला कळतं. तेव्हा खोट आहे ती यंत्रातच. तुझ्या ऑफिसात कोणी जाणता असेल तर विचारून कळव. तुझी आई पडद्यापुढे बसते आणि आपल्या घराचं चित्र तरी जागेवर आहे ना, एवढंच बघते.

पत्राची वाट बघून पोस्टमनला हैराण करणारा,
आप्पा


मुंबई,
११ फेब्रुवारी १९८९

ती. आप्पांना विमलाचा सा. नमस्कार. आईला सांगा, चिमा आता तिच्यासारखीच कमरेवर हात ठेवून माझ्याशी भांडते.

ऑफिसात यंत्रं दुरुस्त करणारे एक गृहस्थ येतात, त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. तांब्याचा भाग दोनदा वाचायला लावला. त्यांनी सांगितलेलं सगळं एकेक करून बघा. विजेचा दाब कमी-जास्त होत असेल तर गावात दिवे लागायच्या आत यंत्र चालवा. जवळपास लोहचुंबक नको. रेडिओच्या कर्ण्यात तो असतो. उंदराच्या पोटात एक गोळी आहे, ती मळली की बाण भरकटतो आणि चित्रं ओढली जातात, म्हणून ती काढून पुसा. पडद्याच्या वरच्या अंगाला शब्दांची ओळ आहे, त्यातल्या एकाने सगळी चित्रं आपोआप ओळीत बसतात. तो चुकून कोणी दाबत नाही ना बघा. आणि यंत्राला कोणालाही हात लावू देऊ नका.

काकालोकांना सांगा, उंदीर कोणाचा नातेवाईक नाही.

उत्तर आलं नाही तर धाकूला परत त्याच खोक्यावर बसवून पाठवणारी,
विमला


कोंडवाडी,
२२ फेब्रुवारी १९८९

चि. सौ. विमलास अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या त्या दुरुस्तीवाल्या गृहस्थांना कोपरापासून नमस्कार.

सांगितलंस ते सगळं झालं. यंत्र सकाळच्या उन्हात चालवलं. चुंबकाचं कळताच खालच्या वाडीने महिपतचा रेडिओ हद्दपार करवला. तो आता गोठ्यात वाजतो आणि म्हैस पान्हा चोरते. त्यावर महिपतने रामजीच्या कडोसरीचा चाव्यांचा जुडगा काढायला लावला. बायकांनी बांगड्या काढायचं बोलणं निघालं तेव्हा तुझी आई अशी काही बोलली की ते तिथेच राहिलं. उंदराची गोळी काढून चिंचेने घासली. ती घरंगळून पडवीखाली गेली, आणि ती शोधायला गेलेल्या धाकूला तिथे खरा उंदीर चावला. आता खालची वाडी म्हणते की हा शकुन आहे.

शेवटी दोन्ही वाड्यांचा एकेक माणूस पहाऱ्याला बसवला. एकमेकांकडे बघत दोघे दिवसभर बसतात. यंत्राला माझ्याशिवाय कोणी शिवत नाही. तरी चित्रं बदलतात! पहाऱ्याचा फायदा एवढाच की तुझ्या आईची चहाची पूड संपली.

मग गुरवाकरवी देवीला कौल लावला. खोट यंत्रात आहे का विचारलं, तर फूल डावीकडे पडलं, म्हणजे नाही. कोणा माणसाची लबाडी आहे का विचारलं, तेही डावीकडे. गुरव म्हणाला, मग माझ्याकडे तिसरा प्रश्न नाही, आणि घरी जेवायला गेला.

लोक आता पूर्वीच्याच जागी आलेत, म्हणजे पालखी कुलपातच राहील. विमला, थट्टा पुरे. परवा कोळीण दारावरून गेली. तुझी आई टोपलीकडे न बघता आत जाऊन नुसती उभी राहिली. मी हाक मारली तर म्हणाली, डोळ्यांत धूर गेला. चूल विझलेली होती गो. मी तिच्याबरोबर तीन वर्षं सुका बोंबीलसुद्धा खाल्ला नाही त्याचं मला काही नाही, पण ती आता म्हणायला लागली आहे की आपल्या नशिबी ओटी नाही, राहू दे. असं ती कधी बोलली नव्हती. काहीतरी कर.

तुझ्याच भरवशावर असलेला,
आप्पा


मुंबई,
६ मार्च १९८९

ती. आप्पा, नमस्कार. हे पत्र हातात पडताच आधी बसून घ्या.

तुमची दोन्ही पत्रं मी त्या गृहस्थांना पुन्हा वाचायला दिली. राहाटाच्या बैलाशी ते थबकले आणि त्यांनी मला विचारलं की तुमचे वडील विसावा नक्की कोणाला देतात? आप्पा, तुम्ही दोन्ही फ्लॉप्या पाळीपाळीने घालता ना? एक दिवस ही, एक दिवस ती, म्हणजे एकीची दमछाक होऊ नये म्हणून? अहो, फ्लॉपीला दम लागत नाही!

प्रत्येक फ्लॉपी चित्रांची मांडणी आपापल्या पोटात धरून असते. नक्कल करताना मी घरं एकेक करून घाईत ओढून टाकली. आपलं तेवढं आठवणीने शेवटी ठेवलं, बाकीची पडतील तिथे पडली. म्हणून एकीवर रामजीकाका पहिले आणि दुसरीवर महिपतकाका. चित्रं हललीच नाहीत कधी. गावाने रोज वेगळी फ्लॉपी बघितली. देवीचा कौल दोन्ही वेळा खरा होता, यंत्रातही खोट नव्हती आणि लबाडीही नव्हती.

तेव्हा एक ठेवा आणि एक बाजूला करा, की झालं, असं लिहायला घेतलं आणि हात थांबला. ठेवायची कुठली? डोळे मिटून मांडलेलं, पहिलीवर कोण पुढे होतं ते मला आठवत नाही, आणि दोन्हींवर एकच नाव आहे, त्यामुळे पहिली कुठली आणि नक्कल कुठली हे आता सांगता येत नाही. तुम्ही जी ठेवाल तिच्यातला पहिला, आणि दुसरी वाडी म्हणेल की मान आप्पाने दिला. शिमगा तोंडावर आला. मला काही सुचत नाही. आईला विचारा, तिला सुचेल.

काळजीने अर्धी झालेली,
विमला


कोंडवाडी,
३० मार्च १९८९

चि. सौ. विमला, जावईबापू आणि चिमा, तिघांनाही आशीर्वाद, आणि त्यात वाघजाईचा अंगारा.

तुझं पत्र वाचून मी ते तांदळाच्या कणगीत खुपसलं. वाटलं, गुपचूप एक फ्लॉपी विहिरीत टाकावी आणि मोकळं व्हावं. तुझ्या आईने बघितलं. म्हणाली, माझ्या ओटीसाठी तुम्ही खोटं केलंत तर ती ओटी देवीला नको आणि मलाही नको, जा आणि सगळ्यांसमोर वाचा.

वाचलं. देवळात दोन्ही वाड्या होत्या. वाचून झालं. मग रामजी उठला. म्हणाला, विमला शिकलेली आहे, पण तिला बैलातलं काही कळत नाही. जुंपलेल्या जिवाला विसावा हवाच, आप्पाने केलं ते बरोबरच केलं. आणि विमला, महिपत मान डोलवू लागला! फ्लॉपीला दम लागत नाही असं म्हणणाऱ्या दुरुस्तीवाल्याने आयुष्यात राहाट पाहिलेला नाही, यावर तीन वर्षांनी दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. दोघे मिळून त्या बिचाऱ्याला चांगली घटकाभर बोलत होते. मी मधे पडलो नाही.

त्यातून गुरवाला तिसरा प्रश्न सुचला. म्हणाला, यंत्राने एक दिवस याला पुढे काढलं, एक दिवस त्याला, मग देवीच्या मनात पाळी तर नाही? एक साल हा, एक साल तो? कौल लावला. फूल उजवीकडे पडलं ते थेट गुरवाच्या हातावर. मग दोन्ही फ्लॉप्या देवीसमोर ठेवून यंदाची कुठली विचारलं. महिपतची निघाली. मला वाटलं आता रामजी तांब्या शोधणार. पण तो हसत होता. म्हणाला, महिपत, तुझी यंदा राबू दे, माझी वर्षभर विसावा घेईल आणि पुढल्या साली तुझ्याहून जोरात निघेल.

दोन्ही फ्लॉप्या आता लाल कापडात गुंडाळून देवीच्या पेटीत आहेत. यंत्र पडवीतच आहे. आत काही नसल्यामुळे पडद्यावर नुसतं प्रश्नचिन्ह लुकलुकतं. तुझी आई येताजाता त्याला विचारते की बाबा, तुला हवंय तरी काय. ते दुरुस्त करायला कोणाला पाठवू नकोस.

पालखी महिपतच्या खळ्यातून निघाली आणि सगळी घरं घेत शेवटी आपल्या दारात आली. शेवटचं घर म्हणून पुढे जायची कोणाला घाई नव्हती. पोरांनी पालखी अशी नाचवली की पडवीतलं यंत्र थरथरलं. तुझी आई सकाळपासून नेसून उंबऱ्यात बसली होती, गुडघे धरून. ओटी भरताना तांदूळ माझ्या पायावर सांडले. तिने देवीला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, तुझं आणि चिमाचं नाव तेवढं आलं. मी रडलो. सांगायला लाज कसली?

शिमगा सरल्यावर धाकूने हर्ण्याहून सुरमई आणली. तुझ्या आईने वाटण वाटलं, कालवण केलं, मला वाढलं आणि समोर बसून बघत राहिली. तीन वर्षांत तिच्या हातचा अंदाज गेला होता, मीठ दुप्पट पडलं होतं. तिने विचारलं कसं झालंय. मी तीनदा मागून घेतलं. मग तिने आपलं ताट वाढून घेतलं, पहिला घास तोंडात घातला आणि मला अशी काही शिवी दिली की ती इथे लिहिता येत नाही.

पोटभर जेवलेला, अजून पाणी पीत असलेला,
तुझा आप्पा