अकरा रिकामी घरं

४ मार्च, मंगळवार

पुन्हा तेच! पिवळ्या घरात कुणीतरी येऊन गेलं. सोफ्याच्या उशा उलट्या बाजूनं लावलेल्या. गालिच्यावर एक डाग घासून काढलाय, पण तेवढाच गोल आता बाकीच्या गालिच्यापेक्षा उजळ दिसतो. कुलूप मात्र जागच्या जागी, दोनदा फिरवलेलं.

दोन महिन्यांतलं हे दुसरं घर. आधी जिन्याचं घर झालं, आता हे. चोरीला काही जात नाही. नुसती पोरं येतात, नाचतात, आवरून जातात. समोरच्या आजींनी स्वतः पाहिलं — शनिवारी दुपारी चारला बारा-पंधरा जण मागच्या फाटकातून बाहेर पडले. म्हणाल्या, “दप्तरं पाठीला! मला वाटलं, इथे शिकवणी निघाली की काय.”

ऑफिसनं सांभाळायला दिलेली अकरा घरं माझ्याकडे. काहींचे मालक परदेशी, काही घरं विकायला काढलेली. पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक घरी जायचं, खिडक्या उघडायच्या, नळ सोडायचे, धूळ पुसायची, दिवे लागतात का बघायचं. राहणारं कुणी नाही तरी घर राहतं ठेवायचं, एवढंच काम. बारा वर्षं झाली. हल्ली दुसरा जिना चढताना गुडघे कुरकुरतात. त्यात आता ही पोरं — दुष्काळात तेरावा महिना.

५ मार्च, बुधवार

साहेबांनी ऑफिसात बोलावलं. बसा म्हणाले नाहीत.

“बाई, कुलूप तुटलेलं नाही, खिडकी फुटलेली नाही. पोरं काय भिंतीतून आत आली?”

मी म्हटलं, किल्लीची नक्कल केली असेल कुणी.

“आणि फरशी पुसून गेली? इतकं स्वच्छ कोण ठेवतं? हे आतल्याच माणसाचं काम आहे.”

आतलं माणूस म्हणजे मी. दुसरं आहे कोण! मग साहेबांनी सरळ विचारलं, “किल्ल्या रोज संध्याकाळी इथल्या कपाटात जातात ना?” मी म्हटलं, जातात. डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलले.

किल्ल्या घरी येतात. स्वयंपाकघराच्या दारामागे अकरा खिळे आहेत, त्यांवर टांगते. ऑफिस उघडतं दहाला, मी निघते सातला. रोज कुठे दहापर्यंत वाट बघत बसणार? नियम करणारे उंटावरून शेळ्या हाकतात.

महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. तोवर छडा लागला नाही तर दुसरी बाई. हे गेल्यापासून आम्हा मायलेकींचं घर या एका कामावर चालतंय. चिमीला काही बोलले नाही.

६ मार्च, गुरुवार

चिमीनं आपणहून चहा केला. काय झालं, म्हणून तिनं विचारलं नाही. फार थकलेय.

८ मार्च, शनिवार

आज पहारा! सर्वांत मोठं घर डॉक्टरांचं, म्हटलं येतील तर इथेच. चिमीला सांगून सकाळी नऊला निघाले — दिवसभर डॉक्टरांच्या घरी आहे, तू जेवून घे.

आठ तास फरशीवर बसले. त्यांच्या खुर्च्यांवर बसायची सवय नाही. कुणी आलं नाही. दोनच्या सुमाराला भिंतीला टेकल्या टेकल्या झोप लागली, उठले तर मान आखडलेली. पहारेकऱ्याच्या हाताखालीसुद्धा मला कुणी नेमणार नाही.

१० मार्च, सोमवार

आज आरशांच्या घराची पाळी. खालच्या मजल्यावरचे मास्तर जिन्यातच भेटले. शनिवारी बारा ते चार डोक्यावर नुसती धडधड चालली होती म्हणाले. म्हणजे मी डॉक्टरांकडे घोरत होते तेव्हा ही मंडळी इथे!

वर गेले. सगळं लखलखीत. आरशावर एक बोट नाही. मी आरसे पुसते त्याहून चांगले पुसलेले. राग यायचा सोडून क्षणभर बरंच वाटलं, तेवढंच काम कमी.

मग लक्षात आलं, वास नाही.

बंद घरात उन्हाळा लागला की बाथरूमच्या जाळीखालचं पाणी दहा-बारा दिवसांत आटतं. मग गटाराचा वास वर येतो, दार उघडल्या उघडल्या नाकात बसतो. म्हणून मी निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतते. इथे मी आले होते २४ फेब्रुवारीला, चौदा दिवस झाले. वास यायलाच हवा होता. वाकून बघितलं. जाळी काठोकाठ भरलेली. स्वयंपाकघरातली पण. गच्चीतली पण!

जगातलं कुठलं पोर पार्टी करून निघताना गच्चीतल्या जाळीत पाणी ओतेल?

एकच. सुट्टीत माझ्याबरोबर यायचं, तेव्हा नऊ वर्षांचं होतं. तांब्या धरायचं आणि म्हणायचं, आई, ही प्यायली, आता पुढची.

तिथेच टबाच्या कडेला बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. किल्ल्या माझ्या दाराच्या मागे. आणि शनिवारी मी कुठे असणार, हे मीच सांगून निघाले होते.

११ मार्च, मंगळवार

विचारलं नाही. जेवताना तिच्या हातांकडे बघत होते. ती खाली मान घालून जेवत होती. दोघी भात चिवडत बसलो.

१२ मार्च, बुधवार

विचारलं. मला वाटलं नाही म्हणेल, मग मी पुरावा काढीन, मग रडारड. कसलं काय! पुस्तक मिटून म्हणाली, “हो. किल्ली मीच देते.”

मग माझं तोंड सुटलं. काय काय बोलले ते लिहीत नाही. तुझ्या थिल्लरपणापायी माझं काम जाईल, रस्त्यावर येऊ, बारा वर्षांत एक चमचा इकडचा तिकडे झाला नाही माझ्या हातून — हे सगळं. हातही उगारला. तो तसाच खाली घेतला, गॅस पुसायला लागले.

ती ऐकून घेत होती. दुसरं कोण कोण होतं ते सांगेना. “माझ्या वर्गातल्या आहेत. मैत्रिणी आहेत माझ्या.” एवढंच.

शेवटी मी खवचटपणे विचारलं, “मजा तरी आली का?”

“हो,” म्हणाली. “खूप.”

१३ मार्च, गुरुवार

बोलणं बंद आहे. भांडी मात्र दोघी आपटतोय.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून खरं लिहिते. काल मला नुसता किल्लीचा राग आला नव्हता. मला हेवा वाटला. सोळाव्या वर्षी मी दुसऱ्यांच्या घरची धुणी करत होते. इतकी सुंदर घरं बारा वर्षं माझ्या हातात आहेत, पण आरशांच्या घरात एकदा जरा गिरकी घेऊन बघावी, एवढंही मला सुचलं नाही. आणि ही सरळ गाणी लावून नाचते!

आणखी एक. वर्षापूर्वी त्या मोठ्या शाळेत घातली तेव्हापासून पोरगी एकटीच डबा खायची. शिक्षिकेनंच सांगितलं होतं मला. विचारलं की म्हणायची, मला भूक नसते मधल्या सुट्टीत. तिला मैत्रिणी मिळाल्या, त्या माझ्या किल्ल्यांवर का होईना! आईनं असा विचार करणं शोभत नाही. पण आला मनात.

१५ मार्च, शनिवार

किल्ल्या दिवसभर माझ्या पिशवीत, पिशवी माझ्या खांद्याला. संडासातसुद्धा.

चिमीचा फोन सकाळी सारखा वाजत होता. तिनं काहीतरी उत्तर लिहिलं. मग दिवसभर एकदाही वाजला नाही. ती पलंगावर पालथी पडून होती. विचारलं, डोकं दुखतंय का? नाही म्हणाली.

१७ मार्च, सोमवार

साहेबांना सांगितलं. सगळं नाही, अर्धंच. किल्ल्या घरी नेत होते, त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोलले, चूक माझी. चिमीचं नाव काढलं नाही. काम गेलं तर माझं जाऊ दे, पोरीच्या नावाला डाग नको.

साहेबांनी पेन मिटून ठेवलं. मग म्हणाले, “बाई, तुम्हीसुद्धा खोटं बोललात?” शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

पण म्हणे एका मुलाच्या आईला त्याच्या फोनमध्ये फोटो सापडलेत. आमच्या विक्रीच्या जाहिरातींवरून घरं ओळखून ती बाई आपण होऊन ऑफिसात आली. गुरुवारी सगळ्या पालकांना बोलावलंय. मलाही. त्यानंतर माझं काय करायचं ते ठरणार.

१९ मार्च, बुधवार

झोप नाही. उद्या सगळ्यांसमोर फोटोत माझी पोर नाचताना दिसणार आणि सगळे माझ्याकडे बघणार.

२० मार्च, गुरुवार

सुटलो!

नऊ पालक आले होते, खुर्च्या कमी पडल्या. मुलं भिंतीशी ओळीनं उभी, सगळी शहाण्यासारखी. तो फोन हातोहात फिरला. माझ्याकडे आला तेव्हा एकेक फोटो सरकवत गेले. चाळीसेक फोटो. जिन्याचं घर, पिवळं घर, आरशांचं घर. एकमेकींच्या गळ्यात हात, जिभा बाहेर, सोफ्यावर उड्या. प्रत्येक चेहरा बघितला. मागचे, अर्धे कापलेले, आरशातले.

चिमी एकाही फोटोत नाही!

मी पुन्हा पहिल्यापासून बघितले. नाही म्हणजे नाहीच. माझी हुशार पोरगी! फोटो निघाला की बाजूला होत असणार. कुणावर गेली कोण जाणे.

साहेबांनी विचारलं, आत कसे गेलात? सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, दार उघडं होतं. एकानंही तिचं नाव घेतलं नाही! मला भरून आलं. मैत्री असावी तर अशी. मीही गप्प बसले. हे काही बरोबर केलं नाही, पण बसले.

पालक माफी मागून गेले, झालेलं नुकसान दुरुस्त करून देणार आहेत. सगळे गेल्यावर साहेब म्हणाले, किल्ल्या रोज इथे जमा, आणि मी शिपायाला सातला ऑफिस उघडायला सांगतो. म्हणजे काम राहिलं! त्यांचे दोनदा आभार मानले.

घरी आल्या आल्या चिमीला मिठी मारली. म्हटलं, “वाचलीस गं! एकाही फोटोत नाहीस तू.”

“माहितेय मला,” म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

दारामागचे खिळे उपटून टाकले. आज जरा पाय पसरून झोपीन.

२२ मार्च, शनिवार

सकाळी दाराशी चिमीच्या वर्गातली एक मुलगी. गुरुवारी भिंतीशी उभी होती तीच, दातांना तारा लावलेली. “काकू, चिमी आज रिकामी आहे का? आमच्या घरी पार्टी आहे. आईबाबांना विचारून, खरीखुरी.” मला कोण आनंद! म्हटलं, अगं आत ये, ती आत्ता तयार होईल, कपडे कुठले घालायचे तेवढं सांग तिला. ती जरा गोंधळली. “नाही, तशी घाई नाही. ती चारला आली तरी चालेल, सगळं संपल्यावर. चिमी इतकं छान आवरते ना, काकू! त्या रिकाम्या घरांतही ती मागच्या जिन्यात थांबायची, आमचं झालं की आम्ही तिला हाक मारायचो.” दार तिच्या तोंडावर लावणार, तेवढ्यात मागून चिमीनं माझी बाही घट्ट धरली. हळूच म्हणाली, “आई, हो म्हण ना. नाहीतर त्या मला परत बोलावणारच नाहीत.”