पुठ्ठ्याची आतली बाजू

दि. १४, शुक्रवार

चि. धाकट्यास आशीर्वाद.

आम्ही ठीक. तुझी वहिनी सध्या कमी बोलते, त्यामुळे घरात शांतता आहे.

पत्र मिळालं. पोरीच्या प्रवेश परीक्षेच्या निकालाबद्दल दोन ओळी सांत्वनाच्या आणि लगेच खाली, "दादा, खोकी करणं वेगळं आणि परीक्षा वेगळी. तिला माझ्या क्लासला पाठवायला हवं होतंस." हे वाक्य तू खोडायला हवं होतंस. सत्तावीस वर्षं पुठ्ठा कापतोय. कुणी शिकवलं नाही, टाकून दिलेली खोकी उकलून शिकलो. तुला अजून वहीला कव्हर सरळ घालता येत नाही, मास्तर.

उलगडलेला ठोकळा दुमडल्यावर कसा दिसेल, हे प्रश्न तिला मीच शिकवले. रोज, कामाच्या टेबलावर, खऱ्या पुठ्ठ्याने. आम्ही आखणी आतल्या बाजूला करतो, म्हणजे पेन्सिलीच्या रेघा तयार खोक्यावर दिसत नाहीत. तेव्हा आकृती म्हणजे आतली बाजू, कडा आपल्याकडे उचलायच्या, असं मी सांगितलं. समोरासमोर काय येतं ते बरोबर यायचं. डावं-उजवं विचारलं की तुझ्या क्लासच्या पुस्तकाशी जुळेना. मग मी तुझ्या उत्तरसूचीतल्या नऊ उत्तरांवर लाल पेनाने काट मारली आणि शेजारी माझी लिहिली. छापणाऱ्याने घोळ घातलाय, असं तिला सांगितलं. तुलाही तेव्हा खरमरीत पत्र धाडलं होतं. ते तू जपून ठेवलं असशीलच.

परीक्षेत असले सहा प्रश्न आले. सहाही चुकले. ती चार गुणांनी राहिली.

बुधवारी तुला खोटं पाडायला मी ते नऊही ठोकळे कापून, दुमडून टेबलावर मांडले. पोरगी दारात उभी होती.

"बाबा, पुस्तकातलं चित्र बाहेरून काढलेलं असतं. खुणा आपल्याला दिसतायत, म्हणजे कडा मागे दुमडायच्या."

कधी कळलं, विचारलं. म्हणाली, परीक्षेच्या आठवडाभर आधी.

"मग तसं लिहिलं का नाहीस?"

"तुम्ही पेनाने खोडलं होतं."

धाकट्या, मी तिच्यावरच ओरडलो. एवढी अक्कल होती तर तोंड शिवलं होतं का, म्हणून टेबलावर हात आपटला. ठोकळे खाली पडले. तिने एकेक उचलून पुन्हा ओळीत मांडला आणि आत गेली. तुझी वहिनी तेव्हापासून बोललेली नाही.

वयाच्या अटीत आता एकच संधी उरलीय. सोमवारी ती तुझ्याकडे येईल. पुस्तक सोबत देतोय. लाल शाई जात नाही, म्हणून वर कागदाच्या पट्ट्या चिकटवून तुझी उत्तरं परत लिहिली आहेत, माझ्या हाताने. तपासून घे, एकही चूक सापडणार नाही.

ठोकळे तिला शिकवू नकोस, ते तिला येतात. मोठा माणूस चुकला तर त्याला तोंडावर सांगायचं, तेवढं शिकव. ते या घरात शिकायची सोय मी ठेवलेली नाही.

आणि ते खोक्यांचं वाक्य मागे घे. खोट खोक्यांत नव्हती.

तुझ्यावरचा राग कायम ठेवून,
दादा