मधूला बीबीला पाठवत नाही

मलकापूर,
१४ सप्टेंबर २०२४

ती. आईंना,

छायाचा नमस्कार. मामाजींचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळं ठीक.

मधूच्या शाळेतून पुन्हा बोलावणं आलं होतं. बाई म्हणाल्या, "हुशार आहे, पण जागेवर बसतच नाही. दुसऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत उत्तर देते, रोज काहीतरी विसरते." घरीही वर्षभर तेच चाललंय. म्हणून तिला अकोल्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी कान-डोळे तपासायला लावले, शाळेकडून लिहून मागवलं, आमच्याशी सावकाश बोलल्या. याला एडीएचडी म्हणतात. लक्ष टिकत नाही, मनात आलं की पाय निघतात. लाडानं होत नाही आणि मारून जात नाही. सध्या गोळी नाही. जवळ जाऊन, नाव घेऊन, एका वेळी एकच गोष्ट सांगायची. तिनं केली की लगेच शाबासकी द्यायची. शिकायचं आहे ते आम्हालाच.

त्यांनी असंही विचारलं, "घरी कधी कोंडून, बांधून ठेवलं?"

मी नाही म्हटलं.

आई, उन्हाळ्यात ती तुमच्या गावाहून, बीबीहून आली तेव्हा आंघोळ घालताना तिच्या घोट्यावर वळ दिसला. विचारलं तर सहज म्हणाली, "आजी लुगड्यानं खाटेले बांधते. मंग मी वासराशी बोलते." तुमच्या लेकाला, रामना, मी हे अजून सांगितलेलं नाही. त्याच दिवशी तुम्हाला फोन लावला होता. मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच म्हणालात, "पोरगी विहिरीत वाकून पाहत होती वं छाया." मग मी मामाजींची तब्येत विचारली आणि फोन ठेवला. म्हणून आता लिहितेय.

मामाजी शेतात, तुम्ही घरात एकट्या, आणि ती अशी पळणारी. तुम्ही घाबरून बांधलंत, हे मला कळतं. पण यापुढे तिला बांधायचं नाही.

विहिरीवर जाळी बसेपर्यंत मधूला बीबीला पाठवत नाही. पुढच्या रविवारी राम जाळी टाकायला येतील. त्याआधी मी त्यांना सगळं सांगेन. दिवाळीला तुम्ही दोघं इकडे या. मधू रोज विचारते, आजी कधी येणार.

दिवाळीनंतर पुन्हा अकोल्याला जायचंय. तिथे या वेळी मी खरं सांगणार आहे. तुम्ही माझ्या शेजारी बसलात तर मला बरं वाटेल.

मधूची आई,
छाया